पाच हप्ते, एक वही

[लालबागची चाळ. पलंगाखालून ओढलेला पत्र्याचा डबा.]

पतपेढीचं पुस्तक. सोनेतारणाची पावती. पर्सनल लोनचा कागद, मोबाईलच्या हप्त्यांचा कागद. आणि तळाशी, घडी न उलगडलेलं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट.

सगळ्यांत मोठं कर्ज कोणतं, असं विचारलं की बोट पर्सनल लोनवर जातं. सगळ्यांत महाग कोणतं, ते मात्र वहीत मांडल्याशिवाय दिसत नाही.

[वहीचं पान, वरून. पेन चालतंय.]

रकाने चार: बाकी, दर, हप्ता, तारीख.

पर्सनल लोन १,६०,००० रुपये, वर्षाला १६ टक्के, हप्ता ५,६२५. पतपेढी ४५,००० रुपये, १३ टक्के, पगारातून २,२०० कापले जातात. सोनेतारण ६०,००० रुपये, १२ टक्के, महिन्याला नुसतं व्याज ६००. मोबाईलचे २,००० चे तीन हप्ते उरलेत. कार्डावर ८०,००० रुपये. दर साडेतीन टक्के, पण महिन्याला! वर्षाचे ४२ होतात. स्टेटमेंटवर तो बारीक अक्षरात असतो, म्हणून भिंग घेऊनच बसा.

[स्टेटमेंट जवळून. ‘किमान देय रक्कम’वर बोट.]

इथं जरा थांबू. ८०,००० वर महिन्याचं व्याज २,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५०४. म्हणजे ३,३०४. किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के धरली तर ४,०००. माणूस वेळेवर ४,००० भरतो, आणि मुद्दल उतरतं ६९६ रुपयांनी. शिवाय बाकी पुढं ओढली की बिनव्याजी दिवस संपतात. आज त्याच कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून कार्ड आधी पाकिटातून बाहेर काढायचं, मोबाईलमधल्या ॲपांतूनही. नळ चालू ठेवून बादलीतलं पाणी उपसण्यात अर्थ नाही.

[पुन्हा वही.]

सगळे ठरलेले हप्ते मिळून होतात १४,४२५. घरातून निघतात १८,०००. वरचे ३,५७५ पाच ठिकाणी थोडे थोडे वाटायचे नाहीत. सगळे कार्डावर: महिन्याला ७,५७५. तीन महिन्यांनी मोबाईल फिटला की त्याचे २,००० ही तिकडेच. या हिशोबानं कार्ड बाराव्या महिन्यात शून्यावर येतं.

काही जण आधी लहान कर्ज उडवतात, एक नाव खोडल्याचं समाधान मिळतं म्हणून. चालतं, पण तेच ३,५७५ सोनेतारणावर टाकले तर महिन्याला व्याज वाचतं ३६ रुपये. कार्डावर जीएसटीसकट जवळपास १४८.

[झवेरी बाजार. तराजू. काळे मणी बाजूला काढले जातायत.]

इथं मणी, खडे, मंगळसूत्राच्या वाटीत भरलेली लाख (राळ) वजा होते. कर्ज मिळतं ते निव्वळ सोन्यावर. कपाटात आणखी दागिना असेल तर तो तारण ठेवून कार्ड एकरकमी फेडणं, म्हणजे ४२ टक्क्यांच्या जागी १२, हा हिशोबाला पक्का मार्ग आहे. फसतो तो एकाच कारणानं: रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरतं. आणि सोनेतारण दरानं रांगेत खाली असलं तरी त्याची मुदत संपायची तारीख वहीत लाल शाईनं लिहा. त्या महिन्यात ते सगळ्यांच्या पुढं येतं.

भिशी असेल तर आपला नंबर लागेल त्या महिन्याची रक्कम कार्डाच्या नावानं आधीच लिहून ठेवावी.

[सीएसएमटी, गर्दी. हातातल्या फोनवर बँकेचा मेसेज.]

पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ ला, इथंच घोळ होतो. हप्ता परत गेला की एक दंड आपली बँक घेते, दुसरा कर्ज देणारा. तारीख बदलून मागा. हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका.

थकलं तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचे गुण, घसरतो, वसुलीचे फोन सुरू होतात. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर ते करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

[वहीत कार्डाच्या नावावर रेघ.]

कार्ड संपलं की महिन्याला ९,५७५ मोकळे होतात. पुढचा नंबर दरानं पर्सनल लोनचा. पण आधी मुदतपूर्व फेडीचं शुल्क विचारा. शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वाचणाऱ्या व्याजाहून जास्त निघाला, तर पैसे पतपेढीत भरा. पर्सनल लोनमध्येच भरणार असाल तर लेखी सांगा: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

[टपालाचा लिफाफा.]

कार्ड बंद करायचा अर्ज लेखी द्या. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला, तर दिवसाला ५०० रुपये ती ग्राहकाला देणं लागते. बंद केल्याचं पत्र आलं की तेही त्याच डब्यात.