आधी दार, मग रबर

(दृश्य: जुन्या गाडीचं दार बंद होतं. आवाज जड, दबलेला.)

ऐकलंत? दार आपटलं, तरी पुरतं लागलेलं नाही. मागच्या कडेवरून बोट फिरवा, शेजारच्या पत्र्यापेक्षा ते चांगलं ३ मिलिमीटर बाहेर आहे. परवापर्यंत हेच दार सहज लागत होतं. काल नवं रबर बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबराची पट्टी, बसलं आणि दार अडायला लागलं.

अशा वेळी सगळे रबराला दोष देतात. मला तसं वाटत नाही. हे दार कित्येक वर्षं वाकडंच असणार. जुनं रबर चपटं होऊन गेलं होतं, म्हणून ते कुणाला जाणवलं नाही.

(दृश्य: टेबलावर जुन्या रबराचा तुकडा, अगदी जवळून.)

हा त्याचा तुकडा. वाकवला की कडकन मोडतो. वळणावरच्या या बारीक चिरा पाहा, रबर जिकडे ताणलेलं होतं त्याच्या बरोबर आडव्या. ही ओझोनची करणी. नैसर्गिक रबर ताणलेलं असलं की हवेतला थोडासा ओझोनही त्याला चिरत जातो. आज मिळणारं बीडिंग बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं. ते ऊन, पाऊस आणि ओझोन पुष्कळ काळ सोसतं.

पण रबराकडे आत्ता वळायचं नाही. आधी दार.

गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी करा. जॅकवर चढवलेल्या गाडीची बॉडी किंचित वाकते आणि तिथे जुळवलेली फट गाडी खाली उतरवताच बदलते. उघड्या टपाच्या गाडीत तर हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मग दाराचं सगळं रबर काढा. खांबावरचा स्ट्रायकरही काढा, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो तुकडा. तो जागेवर असला की दाराला ओढून धरतो आणि दार मुळात कुठे लोंबतंय ते कळतच नाही.

(दृश्य: दोन हात उघड्या दाराचं टोक हलकेच वर उचलतात.)

आता दार अर्धं उघडून टोक उचलून पाहा. बिजागरीत खटखट झाली तर पिन आणि बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, झिजलेत. ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. आज जुळवलेलं दार महिन्याभरात पुन्हा खाली बसेल.

सुरुवात नेहमी मागून. मागचा पत्रा बॉडीला वेल्ड केलेला, तो हलत नाही. म्हणून मागचं दार त्या पत्र्याशी, पुढचं दार मागच्या दाराशी आणि सगळ्यात शेवटी मडगार्ड पुढच्या दाराशी जुळवायचं. उलट्या बाजूने गेलात तर सगळी चूक शेवटच्या फटीत येऊन साचते, आणि तिथे सरकवायला काहीच उरत नाही.

बिजागरीचे बोल्ट पूर्ण सैल करू नका. दार ढकलल्यावर जेमतेम सरकेल इतकेच ढिले ठेवा आणि त्याआधी बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ ओढून घ्या. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आणि दाराची लांबी १ मीटर धरली, तर वरची बिजागरी १ मिलिमीटर पुढे सरकवताच दाराचं मागचं टोक अडीच मिलिमीटर वर येतं. म्हणून घाई नको. थोडं सरकवायचं, बोल्ट आवळायचा, दार लावून बघायचं. फट मोजायला ४-५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तुकडा पुरतो. तो वरपासून खालपर्यंत सारख्या घर्षणाने सरकला पाहिजे.

मग स्ट्रायकर लावा. लॉक अडकताना दार वर उचललं जातंय किंवा खाली दबतंय असं दिसलं, तर सरकवायचा तो स्ट्रायकर. बिजागरीला हात लावायचा नाही.

(दृश्य: रबर चौकटीवर नुसतं टेकवलं जातं.)

आता रबर. पहिल्यांदा सोल्यूशन, म्हणजे रबर चिकटवायचा गोंद, न लावता नुसतं बसवून पाहा. त्याचा काप, म्हणजे आडवं कापल्यावर दिसणारा आकार, जुन्यासारखाच हवा, नुसती लांबी जुळून भागत नाही. कोपऱ्यात रबर ताणू नका, उलट थोडं आत दाबत न्या. ताणलेलं रबर आखडतं आणि कोपऱ्यातून सुटून येतं. सांधा खालच्या कडेला ठेवा. सोल्यूशनचा पातळ थर दोन्ही बाजूंना, आणि बोटाला चिकट लागेपर्यंत थांबा.

नवं रबर ताठ असतं, दार पहिल्या दिवशी जड लागणारच. स्ट्रायकर किंचित बाहेर घ्या, दार काही दिवस लावून ठेवा, मग स्ट्रायकर पुन्हा आत आणा. याच टप्प्यावर लोक कंटाळून बिजागरी वाकवतात आणि झालेली सगळी मेहनत वाया जाते. कृपा करून थांबा.

(दृश्य: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली जाते. मग पाण्याचा पाइप.)

कागदाची पट्टी दारात धरून ओढा. सगळीकडे सारखी अडखळली पाहिजे. इथे, वरच्या कोपऱ्यात, ती अलगद निसटली. तेवढ्याच जागी रबराखाली पातळ पट्टी घातली.

आता पाणी. आतला गालिचा कोरडा आहे. दाराच्या तळाच्या भोकांतून मात्र थेंब गळताहेत. ते गळू द्या. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पाणी बाहेर पडायची तीच वाट आहे, सोल्यूशनने ती बुजवू नका.