गॅदरिंगच्या आधीचं गाणं

(दृश्य : सकाळ. जिल्हा परिषद शाळेचं आवार. वर्गाच्या खिडकीतून पहिली-दुसरीच्या मुलांचा आवाज.)

बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा...

हिशेब आकड्यांचा आहे, पण कान देऊन ऐकलं तर हे गाणंच आहे. प्रत्येक ओळीला ठरलेला चढ, ठरलेला उतार. ‘बे दाहे वीस’ आलं की सगळा वर्ग खालच्या सुरावर येऊन टेकतो आणि पुढचा पाढा पुन्हा वरून उचलतो. ही चाल मुलांना कुणी वेगळी शिकवत नाही. मोठ्यांचं ऐकून धाकटी ती उचलतात. पंचवीस-तीस मुलं, समोर हात हलवणारं कुणी नाही, तरी सगळी एका लयीत म्हणतात आणि श्वास घेतात तोही एकाच जागी. सहा वर्षांच्या मुलाला समूहात गाता येतं, याचा आणखी पुरावा काय हवा?

शाळेतलं संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मात्र गॅदरिंग येतं. मंडप, कर्णे, चमचमते कपडे, आणि खाली मोबाइल उंचावून उभे असलेले आईबाप. ती रात्र मुलांची असते, ती हवीच. पण त्या रात्री मंचावर बहुतेक वेळा मुलाचे हातपाय दिसतात, त्याचा आवाज ऐकू येत नाही. आवाज पेनड्राइव्हमधून येतो. या फिल्ममध्ये आम्ही त्या आवाजाच्या मागे निघालो आहोत. वर्षभर तो कुठे असतो, त्याला कोण सांभाळतं आणि गॅदरिंगच्या दिवशीच तो का हरवतो?

(दृश्य : मैदानात रांगा. परिपाठ सुरू होतो.)

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाचं प्रास्ताविक, प्रार्थना. मग सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि एखादं समूहगीत. क्रम शाळेगणिक थोडा बदलतो, पण एवढ्या वेळात मूल तीन-चार वेळा गातं आणि हे रोज घडतं. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत संगीताचा सर्वांत मोठा तास हाच आहे. वेळापत्रकात त्याला संगीताचा तास म्हणत नाहीत, एवढंच.

या तासाचा ठेवाही मोठा आहे. साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ ही प्रार्थना पिढ्यान् पिढ्या इथेच पाठ झाली. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे अधिकृत राज्यगीत झालं. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि गायलं शाहीर साबळे यांनी. शाहिरांचा तो खडा, मैदानी आवाज मुलांच्या कानात पक्का बसलेला असतो. म्हणून हे गीत सुरू झालं की मुलं छाती काढून म्हणतात. पहिलीतली सुद्धा.

(दृश्य : चौथीतला मुलगा पुढे येऊन ‘सावधान’ म्हणतो आणि राष्ट्रगीत सुरू करतो. कॅमेरा रांगेतल्या चेहऱ्यांवर.)

आता या मुलाकडे लक्ष द्या. पहिला सूर तो देणार आहे आणि सगळी शाळा त्याच्या मागे जाणार आहे. उत्साहाच्या भरात त्यानं सुरुवात उंच केली. ‘जन गण मन’ निभावलं. पण हे गीत ‘जय हे’पाशी वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला भिडतं. तिथे पोचेपर्यंत निम्म्यांचे आवाज फाटतात, काही ओरडतात, आणि मागच्या रांगेतली एक मुलगी नुसते ओठ हलवत राहते. मागून सूचना येते, ‘मोठ्यानं म्हणा!’ मग ओरडणारे आणखी ओरडतात आणि ओठ हलवणारी ओठही मिटते.

या मुलीला पुढे कधीतरी कुणी सांगेल की तुला गाता येत नाही, आणि ती ते खरं मानेल. वास्तविक तिचा गळा उत्तम आहे. चुकली होती ती पट्टी, म्हणजे गाणं ज्या सुरावर धरलं तो सूर.

पट्टी धरणं हे प्राथमिक शाळेतल्या संगीताचं अर्धं काम आहे असं आम्हाला या सगळ्यात वारंवार जाणवलं. लहान मुलांचा गळा मधल्या पाच-सहा सुरांत सुखानं फिरतो. त्याच्या फार वर किंवा फार खाली नेलं की ती बोलतात किंवा ओरडतात. गुरुजींनी आपल्या जाड आवाजात सूर दिला तर तो आपल्या गळ्यात कुठे ठेवायचा, हे लहानग्यांना उमगत नाही. अशा वेळी एखाद्या मोठ्या मुलीनं तोच सूर वरच्या सप्तकात धरला की वर्ग पटकन तिच्यामागे जातो. शाळेत पेटी असेल तर एक पट्टी ठरवून तिच्यावर खडूनं खूण करता येते. पेटी नसेल तर मोबाइलवर तानपुरा लावता येतो. गीताआधी सगळ्यांनी तो सूर तोंड मिटून क्षणभर गुणगुणायचा आणि मगच शब्द सुरू करायचे. ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत एवढ्यानं बदलून जातं.

(दृश्य : कृष्णाकाठ. कुरुंदवाड. जुन्या छायाचित्रावरून मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानांकडे.)

मुलांना संगीत पद्धतशीर शिकवावं हा विचार आपल्याकडे नवा नाही. कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं तोपर्यंत बहुतेक ठिकाणी गुरूच्या घरी नाहीतर दरबारात शिकायचं. त्यांनी ते वर्गात, फळ्यासमोर आणलं. लहानांसाठी ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ अशी स्वरलिपीची, म्हणजे सूर लिहून दाखवणारी पुस्तकं लिहिली. १९३१ साली ते मिरजेतच गेले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुलं देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद.

पण या परीक्षा द्यायच्या तर खासगी क्लास लावावा लागतो. फी भरावी लागते, तालुक्याला जावं लागतं. ज्याचे आईवडील रोजंदारीवर आहेत किंवा ऊसतोडीला गेलेत, त्या मुलापर्यंत संगीत पोचायला शाळेखेरीज दुसरी वाट नाही.

आणि शाळेत काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक असावा, असं तिथे लिहिलंय. पहिली ते पाचवीसाठी मात्र अशी तरतूद नाही. साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक, एवढंच. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक पहिलीपासून आहे, त्यात गायन-वादनही आहे. ते शिकवायचं त्याच दोघांपैकी एकानं, गणित, मराठी, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं सांभाळून. सरकारचा कला उत्सव २०१५ पासून भरतो, तोही नववीपासूनच्या मुलांसाठी. ज्या वयात कान तयार होतो, त्याच वयाला आपण संगीताचा शिक्षक देत नाही. हे बदलायला हवं, आणि ही मागणी आम्ही पूर्ण जबाबदारीनं करत आहोत.

(दृश्य : दुसरीचा वर्ग. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या आहेत. भोवती मुलांचं कडं.)

तोवर करणाऱ्या बाई करतातच. तबला नाही, म्हणून मांडी आणि टाळी. धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला मांडीवर थाप, चौथीला टाळी. सहा मात्रांचा दादरा हा ताल मुलांच्या अंगात उतरतो. त्याचं नाव त्यांना पुढच्या आठवड्यात कळलं तरी चालेल. बाटलीत खडे घातले की खुळखुळा तयार. तेलाचा रिकामा डबा डाव्या हाताखाली घेतला की ठेका धरता येतो. एक गट ठेका धरतो, दुसरा कविता म्हणतो, मग अदलाबदल. आपल्याला गाता येत असताना दुसऱ्याचं ऐकून थांबायचं, हे सात वर्षांच्या मुलाला सोपं नसतं. इथे तो आपणहून थांबतो, कारण न थांबला तर ठेका मोडतो आणि मोडलेला ठेका त्याच्याच कानाला टोचतो.

पाठ्यपुस्तकातल्या कवितांना चाली लावून त्या यूट्यूबवर टाकणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. सिनेगीताच्या चालीवर कविता बसवली की मुलं लगेच उचलतात हे खरं. तरी आम्हाला जास्त आवडल्या त्या शब्दांच्या वजनातून निघालेल्या चाली. त्यांत मुलाला कवितेचा अर्थही ऐकू येतो.

(दृश्य : संध्याकाळ. मंदिरात हरिपाठ. एक मुलगा पखवाजाला कणीक लावतो आहे.)

शाळेत वाद्य नाही म्हणून गावात संगीत नाही असं थोडंच आहे? पखवाजाच्या डाव्या तोंडाला किती कणीक लावली म्हणजे आवाज भरतो, हे या पाचवीतल्या मुलाला नीट माहीत आहे. मंदिरात त्याच्या ठेक्यावर म्हातारी माणसं टाळ धरतात. शाळेत तो गणितात कच्चा म्हणून मागे बसतो. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर मुलं चालायला लागली की तारप्याभोवतीच्या फेरात शिरतात. वाळलेला भोपळा आणि बांबू यांचं ते वाद्य वाजवणारा वादक गावातच राहतो. त्याला शाळेच्या अंगणात बोलवायला कुठलीच परवानगी अडवत नाही. घरी वारली, पावरी, कोरकू किंवा गोरमाटी बोलणारं मूल वर्गात महिनोन् महिने गप्प बसतं. त्याच्या भाषेतलं एक गाणं परिपाठात आलं की त्याला वर्गासमोर उभं राहायला जागा मिळते.

(दृश्य : शिवजयंतीची तालीम. डफ, तुणतुणं, झांज. एक मुलगी पोवाडा उचलते, मागे चौघं झील धरतात.)

पोवाड्याची रचना शाळेसाठी फार सोयीची आहे. मुख्य शाहीर एकच, इथे ही मुलगी. तिला पाठांतर हवं, फेक हवी, धीटपणा हवा. पण झीलकऱ्यांचं काम ‘जी जी रं जी’ एवढंच, आणि तरी त्यांच्याशिवाय पोवाडा उभा राहत नाही. उजवीकडच्या मुलाला बोलताना अडखळायला होतं. झीलमध्ये तो एकदाही अडखळत नाही, कारण शब्द लयीवर बसून येतात आणि बाजूला तिघांचा आवाज असतो. अशा मुलाला आपण नाटकात झाड करून उभं करतो. त्याच्या हातात झांज द्यायला हवी.

लेझीम तर जवळपास प्रत्येक शाळेच्या कपाटात सापडते. चार आवाज, आठ आवाज असे तिचे प्रकार, हलगीच्या ठेक्यावर. २६ जानेवारीला ती बाहेर निघते आणि मग पुन्हा खिळ्याला लटकते. वर्षभर खेळली तर ताल शिकवायला तिच्याइतकं स्वस्त साधन नाही.

(दृश्य : गॅदरिंगची रात्र. माइकवरून घोषणा.)

‘या गाण्यावर खूश होऊन अमुक यांच्याकडून शंभर रुपये बक्षीस!’ गाणं मध्येच थांबवून नावं वाचली जातात, टाळ्या पडतात. या पैशातून अनेक शाळांना रंग लागला, पंखे आले, संगणक आला. गावानं शाळेला दिलेलं ते प्रेम आहे आणि आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण मंचावर आठ वर्षांच्या मुली मोठ्या बायकांसाठी लिहिलेल्या गाण्यावर नाचतात तेव्हा वाईट वाटतं. आणि महिनाभर तालीम करून मुलं जेव्हा फक्त ओठ हलवून उतरतात, तेव्हाही. सगळा कार्यक्रम बदलायची गरज नाही. त्यात चार गोष्टी तरी मुलांच्या स्वतःच्या गळ्यातून आल्या पाहिजेत. एक समूहगीत, एक पोवाडा, भोंडल्याची गाणी आणि पाठ्यपुस्तकातली एक कविता. सूर थोडा हलला तर हलू दे. समोर बसलेल्या आईला आपल्या मुलाचा आवाज चाळीस आवाजांतून ओळखता येतो.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी ५,००० रुपये आणि ग्रंथालयासाठी ५,००० रुपये अशी तरतूद आहे. वाद्यांसाठी असा वेगळा रकाना नाही. म्हणून हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत निघायला हवा. कायद्यानं या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पुढच्या बैठकीत रंग, पंखे, पाण्याची टाकी यांच्या यादीत कुणीतरी पेटी लिहावी, एक ढोलकी आणि डझनभर टाळ लिहावेत. शाळेत पेटी असून कपाटात पडली असेल तर तिचा भाता बदलायचा आणि सूर जुळवून घ्यायचा खर्च लिहावा. आणि भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना विचारावं, शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा तासभर याल का?