आजीच्या घरी आलेले मूल

श्रोतेहो, नमस्कार.

आईवडील गेले आहेत, किंवा हयात असूनही आजारपण, व्यसन, तुरुंगवास अथवा घरातली हिंसा यांमुळे मुलांना सांभाळू शकत नाहीत, अशा वेळी त्या मुलांना आपल्या घरी ठेवून घेणारी आजी, आत्या, मावशी, काका किंवा नुकताच कमावता झालेला थोरला भाऊ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. बालकल्याणाच्या कामात याला नात्यातले संगोपन म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत विस्तारित कुटुंबाबरोबरच मुलाच्या ओळखीचे, कुटुंबाच्या निकटचे स्नेहीही या व्याख्येत घेतले आहेत, आणि अशा सांभाळाची कागदोपत्री नोंद झालेली असो वा नसो, दोन्ही प्रकार तीत धरले आहेत. अशा घरांना आधार देणाऱ्या केसवर्करचे, म्हणजे त्या मुलाचे प्रकरण हाताळणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे, काम काय असते, आणि ते कसे असायला हवे, याविषयी आज मी बोलणार आहे.

रक्ताचे नाते आहे, म्हणजे मुलाची सोय लागली आणि आता वेगळ्या मदतीची गरज उरली नाही, असे नातलगांना वाटते, शेजाऱ्यांना वाटते आणि पुष्कळदा यंत्रणेलाही वाटते. या कामातला माझा अनुभव नेमका उलट आहे. परक्या मुलाचा सांभाळ करायला पुढे येणारे प्रतिपालक तो निर्णय सावकाश घेतात, अर्ज करतात, प्रशिक्षण घेतात, घरात जागा करतात आणि मग मुलाची वाट पाहतात. आजीला मात्र एखाद्या रात्री फोन येतो, आणि तासाभरात दोन नातवंडे दारात उभी असतात. तिने नाही म्हणावे, अशी मुभा तिला कोणी दिलेली नसते आणि ती स्वतःही स्वतःला देत नाही. निर्णयाची उसंत न मिळालेल्या माणसाला तयारी केलेल्या माणसापेक्षा जास्त आधार लागतो. प्रत्यक्षात मात्र तिला तो कमी मिळतो, कारण ती घरचीच असते.

म्हणून पहिल्या गृहभेटीत केसवर्करने काय विचारावे, याला मी फार महत्त्व देतो. घराची पाहणी करायची असते, घरात आणखी कोण राहते याची नोंद घ्यायची असते, पार्श्वभूमी तपासायची असते, आणि ही सगळी कामे आवश्यकच आहेत. पण त्यांच्या आधी एक साधा प्रश्न यायला हवा: उद्या रात्रीपर्यंत तुम्हाला काय लागणार आहे? त्याची उत्तरे नेहमी अगदी ठोस असतात. मुलाला झोपायला जागा हवी असते. त्याला दम्याचे औषध चालू असते, पण ते आधीच्या घरी राहिलेले असते. चष्मा आणलेला नसतो. शाळेत सोडायला आणि आणायला कोण जाणार हे ठरलेले नसते, कारण मावशी कामावर जाते आणि तिने अजून रजा मागितलेली नसते. या गोष्टी त्याच दिवशी मार्गी लावल्या, तर पुढची सगळी चौकशी वेगळ्या वातावरणात होते.

त्यानंतर प्रश्न येतो तो अधिकाराचा, आणि हा भाग लोकांच्या लक्षात फार उशिरा येतो. मूल घरात राहते, जेवते, झोपते, पण त्याच्यासाठी सही करण्याचा अधिकार आजीला असतोच असे नाही. शस्त्रक्रियेची संमती, शाळेतला प्रवेश, प्रवासाचे कागद, आर्थिक साहाय्याचा अर्ज, या सगळ्यांसाठी ती मुलाची कोण आहे हे कागदावर असावे लागते. आपसांतल्या समजुतीने मूल ठेवले असेल, यंत्रणेने मुलाला तिच्या ताब्यात दिले असेल, किंवा न्यायालयाने तिला पालक नेमले असेल, तर या तिन्ही परिस्थितींत तिचे अधिकार वेगळे, मिळणारी मदत वेगळी आणि मुलाच्या आईवडिलांचे राहिलेले हक्कही वेगळे असतात. दत्तक घेतले तर नात्याची कायदेशीर रचनाच बदलते, आणि आजी कागदावर आई होते. पुष्कळ आज्यांना ते नको असते, कारण त्यात आपल्या मुलीचे आईपण आपल्या हाताने पुसल्यासारखे त्यांना वाटते. केसवर्करने या वाटा सोप्या भाषेत, परिणामांसह आणि शक्यतो लिहून समजावून द्याव्यात. कोणती वाट यंत्रणेला सोयीची आहे, हे त्यांतून डोकावू देऊ नये. जिथे कायदेशीर सल्ला मोफत मिळतो, तिथे तो सही करण्याच्या आधी मिळवून द्यावा.

आता या कामातल्या सर्वांत अवघड भागाकडे वळतो. केसवर्कर एकाच वेळी मदत करणारा असतो आणि तपासणाराही असतो. आजीला हे बरोबर कळते. तिच्या मनात हिशेब असा चालतो की, मी थकले असे सांगितले, तर ही बाई नकार देते आहे किंवा हिला जमत नाही असे फायलीत लिहिले जाईल आणि मुले उचलून नेली जातील. म्हणून विचारपूस केली की उत्तर ठरलेले असते, सगळे ठीक आहे. हे खोटे बोलणे नव्हे. नातवंडे हातची जाऊ नयेत म्हणून केलेले ते रक्षण आहे, आणि ते तसेच समजून घेतले पाहिजे. यावर माझ्या मते एकच उपाय आहे, तो म्हणजे आपला अधिकार आणि आपल्या मर्यादा पहिल्याच भेटीत उघड सांगणे. मुलाला इजा होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर मला ते कळवावेच लागेल. दमणूक, पैशांची ओढाताण, मुलाचा हट्ट, स्वतःचे आजारपण या गोष्टी मला सांगितल्या, तर त्या मदतीची मागणी म्हणूनच नोंदवल्या जातील. असे सांगितल्यावर तसे वागूनही दाखवावे लागते. पहिली छोटी मागणी वेळेवर पूर्ण झाली, की दुसरी आणि अधिक खरी मागणी पुढे येते. प्रश्न विचारण्याची रीतही बदलावी. काही अडचण आहे का, असे विचारले की नाही हे उत्तर मिळते, आणि दिवसातला कोणता वेळ सर्वांत जड जातो, असे विचारले की माणूस बोलू लागतो.

बहुतेक घरांत तो जड वेळ मुलाच्या आईवडिलांच्या भेटीच्या आसपासचा असतो. नात्यातल्या संगोपनाचे वेगळेपण इथेच सर्वांत जास्त जाणवते, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. परक्या प्रतिपालकाला मुलाची आई ही एक त्रयस्थ व्यक्ती असते, पण आजीला ती पोटची मुलगी असते. ती व्यसनातून बाहेर यावी म्हणून आजी झुरत असते, तिच्यावर रागावलेली असते, आपल्याच वाढवण्यात काही कमी पडले का या विचाराने स्वतःला खात असते, आणि नातवंडांना तिच्यापासून जपतही असते. अशा आजीवर भेटीचे नियम ठरवण्याची आणि पाळण्याची जबाबदारी एकटीवर टाकणे अन्यायाचे आहे. मुलगी न ठरवता दारात आली, तर आजीने तिला परत कसे पाठवावे? म्हणून भेटी कधी, कुठे, कोणाच्या समक्ष आणि किती वेळ, फोन कधी करायचा, नशेत आल्यास काय करायचे, हे सगळे लेखी आराखड्यात यायला हवे, आणि त्याची प्रत दोघींकडेही हवी. मग आजीला म्हणता येते की हे मी ठरवलेले नाही, ठरलेले आहे. कटुता केसवर्करच्या वाट्याला येते, आणि ती त्याने खुशाल घ्यावी, कारण त्याला त्या घरात आयुष्य काढायचे नसते, त्या दोघींना मात्र आई आणि मुलगी म्हणून पुढेही राहायचे असते.

भेटीनंतर मूल चिडते, रात्री अंथरूण ओले करते, शाळेत मारामारी करते, आणि मग घरातले म्हणतात की भेटीच बंद करा. कधी कधी ते योग्यही असते, पण वागण्यातला बदल हा एवढाच त्याचा पुरावा होऊ शकत नाही. जवळच्या व्यक्तीपासून झालेली ताटातूट लहान मुलांच्या वागण्यात कशी उमटते, याच्या अभ्यासाचा पाया मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर घातला. माणूस जिवंत आहे पण आपल्याजवळ नाही, किंवा जवळ आहे पण पूर्वीचा राहिलेला नाही, अशा अर्धवट हरवलेपणाचा अभ्यास पुढे संशोधक पॉलीन बॉस यांनी केला. मृत्यूचे दुःख उघडपणे करता येते, पण तुरुंगातल्या बापासाठी किंवा उपचारकेंद्रातल्या आईसाठी रडायला मुलाला जागा नसते, आणि आजीलाही नसते. शाळेला आणि डॉक्टरांना याची कल्पना देणे, भेटीच्या दुसऱ्या दिवशी मुलावर अभ्यासाचा ताण न टाकणे, आणि आई कुठे आहे याचे मुलाच्या वयाला झेपेल असे खरे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवणे, ही केसवर्करने जुळवून आणायची कामे आहेत.

एवढे करून नात्यातले संगोपन खरोखर चांगले असते का, असा प्रश्न कोणी विचारील. मार्क विनोकुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १०२ अभ्यासांचा आणि सहा लाखांहून अधिक मुलांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आईवडिलांपासून दूर करावे लागलेल्या मुलांपैकी नातलगांकडे वाढलेल्यांचे वर्तन आणि मानसिक आरोग्य प्रतिपालकांकडच्या मुलांपेक्षा बरे आढळले, आणि त्यांची घरे बदलण्याचे प्रमाणही कमी दिसले. मूळ अभ्यासांच्या पद्धतीत उणिवा आहेत, अशी सावधगिरीची सूचना त्या संशोधकांनीच दिली आहे. पण याच आढाव्यात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती अशी की नातलगांकडच्या मुलांपर्यंत मानसिक आरोग्याच्या सेवा कमी पोहोचत होत्या. आपल्या कामाला लागू पडणारी गोष्ट ही आहे.

अमेरिकेत नातलगांना कमी मदत देण्याचा हा भेदभाव थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपल्या चार धाकट्या भावंडांपैकी दोघांना घरी आणणाऱ्या एका थोरल्या बहिणीला, ती नात्यातली आहे एवढ्याच कारणावरून, प्रतिपालकांना मिळणारे साहाय्य नाकारले गेले. घर निकषांत बसत असेल तर नात्यावरून असे नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने १९७९ मध्ये दिला. तिथल्या २००८ च्या कायद्याने मुलाला घरातून हलवल्यापासून ३० दिवसांच्या आत आजीआजोबांना आणि इतर सज्ञान नातलगांना शोधून कळवणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये नातलगांच्या घरांसाठी वेगळे, वास्तवाला धरून असलेले निकष लावण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. खोल्यांची संख्या मोजून आजीचे घर नापास करण्यात काही अर्थ नाही, असे मलाही वाटते.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र नात्याला सूट देता येत नाही. मुलाने अत्याचाराविषयी सांगितलेले जो नातलग खरे मानत नाही, किंवा ज्याच्याकडून त्रास झाला त्याला घरात येण्यापासून जो रोखू शकत नाही, त्याच्याकडे मूल ठेवू नये, मग तो कितीही जवळचा असो. अशा वेळी संकोच वाटतो, सगळे घर आपल्यावर नाराज होते, तरीही स्पष्ट नकार द्यावा. भेटीगाठीच्या रूपाने ते नाते टिकवता येईल का, हे नंतर पाहता येते.

कोणाकडे ठेवायचे हे ठरवताना कुटुंबालाच एकत्र बसवण्याची पद्धत न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात आणली, आणि तिच्यामागे तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाची विचारपद्धती होती. त्या बैठकीत अधिकारी माहिती देतात आणि मग कुटुंबाला एकट्याने विचार करायला सोडून बाहेर जातात. बाहेर जाणे हे केसवर्करला सोपे नसते, पण कोण शाळेत नेईल, सुट्टीत कोण ठेवील, पैशांचा भार कोण उचलील, हे कुटुंबाने स्वतः ठरवले की ते पाळले जाण्याची शक्यता वाढते. अशा बैठकीला वडिलांकडच्या नातलगांना बोलावले आहे ना, हे आवर्जून पाहावे. वडील परागंदा असले की त्यांची बहीण, त्यांचे आईवडील सगळेच फायलीतून गायब होतात. भावंडांना एकत्र ठेवता येते का, हे इथेच विचारावे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे बारावे कलम मुलाला त्याचे मत मांडण्याचा हक्क देते, म्हणून मुलालाही विचारावे, आणि आजीच्या समोर विचारू नये, कारण तिचे मन राखायला ते काहीही म्हणेल.

पहिले काही महिने सरले की भेटी विरळ होतात, आणि खरे पाहता लांब पल्ल्याच्या अडचणी तेव्हा सुरू होतात. सहा वर्षांचा नातू चौदा वर्षांचा होतो, तेव्हा आजीचे गुडघे, रक्तदाब आणि मोतीबिंदू हे सगळे त्याच्या संगोपनाचे प्रश्न झालेले असतात. तिला महिन्यातून काही दिवस विसावा मिळावा, तिच्यासारख्याच इतर संगोपनकर्त्यांना ती भेटावी, तिची स्वतःची तपासणी नियमित व्हावी, हे संगोपन आराखड्यात मुलाच्या लसीकरणाइतकेच ठळकपणे लिहिलेले असावे. ती आजारी पडली तर मूल कोणाकडे जाईल, या प्रश्नाचे उत्तरही त्याच आराखड्यात असायला हवे. हा विषय काढताना आजीला वाईट वाटेल म्हणून केसवर्कर तो टाळतात, पण बहुतेक आज्या याच विचाराने रात्री जाग्या असतात आणि कोणीतरी विचारले याचे त्यांना हायसे वाटते. ते नाव आत्याचे असो वा मामाचे, त्या व्यक्तीची संमती घ्यावी, कायदेशीर कागद आधीच तयार करून ठेवावेत, मुलाचे तिच्याकडे अधूनमधून राहायला जाणे सुरू करावे, आणि ते नाव मुलाला सांगून त्याला ते चालेल का, हे विचारून घ्यावे.