पाणी आलं का?

नमस्कार मंडळी. अध्यक्ष म्हणालेत दहा मिनिटांत आटपा, मागे बटाटेवडे तळायला घेतलेत, आणि वड्यांशी स्पर्धा करण्याइतका मी खुळा नाही. पत्रिकेत विषय छापलाय ‘पार्किन्सन, अल्झायमर आणि माझं संशोधन’. बेचाळीस स्लाइड्स आणल्यात पण दाखवत नाही, कारण जानेवारीत इथून मुंबईला आईकडे गेलो होतो, तिथे बोरिवलीला आमच्या लेकीने एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं डोकं तिथेच अडकलंय.

आमची आई गिरगावातल्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवायची, माझ्या पत्रांतल्या स्पेलिंगच्या चुका लाल पेनने सुधारून परत पाठवायची. आता तिला अल्झायमर आहे आणि इंग्रजी जवळजवळ सगळं गेलंय. मराठी आहे, तीही चाळीतली. पहाटे साडेचारला उठते आणि विचारते, नळाला पाणी आलं का? फ्लॅटमध्ये टाकी आहे वगैरे सांगून उपयोग नसतो, तिला पिंप भरायचं असतं. लेक अकरा वर्षांची, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये, तुमच्या घरी आहे तसंच. एकमेकींवर जीव, आणि मधे मी दुभाषा. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, अर्थात इंग्लिशमध्येच, “बाबा, तुझंही इंग्लिश असं गेलं तर मी तुझ्याशी बोलू कशी?”

बावीस वर्षं या आजारांवर काम करतोय, आणि मी काय म्हणालो तर “असं होईलच असं नाही गं”. बायको आतून म्हणाली, तू तरी घरात मराठी कधी बोलतोस, फोनवर आईशी बोलतोस तेवढंच. पुढचं भांडण सांगत नाही, भाषण वेबसाइटवर जाणार आहे म्हणे.

आमचं हे असंच असतं. माझ्या बाबांची सही बारीक बारीक होत गेली, बँकेने चेक परत केला, तेव्हा मी इथून फोनवर सांगितलं की पेन बदला. त्याआधी फोडणी करपली तरी त्यांना वास येत नव्हता, आम्ही हसायचो. दोन्ही खुणा पार्किन्सनच्या, मी लेक्चरमध्ये शिकवतो त्या. हात कापायला लागतो तोपर्यंत मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, बनवणाऱ्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असू शकतात. जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये सहा रुग्णांवर निबंध लिहिला, त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. मला सख्खा बाप व्हिडिओ कॉलवर दिसला नाही.

आणि हा विषय मला लागला मुंबईतच बरं का. पारशी कॉलन्यांमध्ये घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केलेली, १९८८ मध्ये छापून आली, त्यात पार्किन्सनचे ४६ जण सापडले. दारं वाजवून केलेलं संशोधन, मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आपल्या मंडळात अशी दारं वाजवली तर काय उत्तर येईल ते मला माहीत आहे. “नाही हो, आमचे आप्पा जरा विसरभोळे आहेत, बाकी ठणठणीत.” आप्पा तीन वर्षांत गणपतीला दिसलेले नाहीत. मधुमेह आपण जेवणाच्या ताटावर चघळतो, हे मात्र दाराआड. ज्याच्या नावाने हा आजार ओळखतात त्या डॉक्टर अल्झायमरने १९०६ मध्ये आपली पहिली केस सभेत मांडली तेव्हा एकानेही प्रश्न विचारला नाही, आपल्या जमाखर्चाच्या वेळी होतं तसं.

भाषेचं म्हणाल तर, नंतर शिकलेली आधी जाते असं बऱ्याच जणांत दिसतं, सगळ्यांत नाही. हैदराबादला २०१३ मध्ये डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, ६४८ रुग्णांची माहिती तपासली, तर एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला, कधी शाळेत न गेलेल्यांतसुद्धा. पण सगळीकडच्या अभ्यासांत असंच निघालं नाही, तेव्हा कृपा करून ‘मराठी बोला, अल्झायमर टाळा’ असं ग्रुपवर फिरवू नका. कोण फिरवणार ती दोन नावं मला आत्ताच माहीत आहेत. रविवारी मुलांना मराठी शाळेत सोडतो आणि पार्किंगमध्ये आपण आपसात कशात बोलतो ते बघा. मीही त्यातलाच.

औषधांचं विचारणार असाल तर २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली, सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये घसरण दीड वर्षात २७ टक्क्यांनी मंदावते. मंदावते हं, थांबत नाही. गेलेलं इंग्रजी तर ते परत आणत नाहीच.

आता आमच्याकडे रोज रात्री व्हिडिओ कॉल असतो, मुंबईत तेव्हा पहाट. आई विचारते, पाणी आलं का गं? लेकीने एक वाक्य पाठ केलंय, “आलं आजी, पिंप भरलं.” आई खूश होते, आणि खूश झाली की पुढचं काहीतरी विचारते. तिथे लेक माझ्याकडे बघते.