चांदमारीच्या कडेची गावं

नमस्कार मंडळी.

लष्कराचा तळ आणि त्याच्या आसपासची गावं यांच्याबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक अभिमानाचा: जवान आले आणि माणसं वाचली. दुसरा तक्रारीचा: जमीन गेली, रस्ता बंद झाला, घराला परवानगी मिळेना. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही माणसं खरं बोलत असतात. मला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. लष्कराला आणि गावाला एकत्र बसायला जागा कुठे आहे? तिथे गावातर्फे कोण बसतं? आणि बसल्यावर जे ठरतं ते कागदावर येतं का?

आधी अभिमानाचं बोलू, कारण त्यातच उत्तराचा धागा आहे. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं हे सगळ्यांना माहीत आहे. धरणाचं काम पुरं झालेलं नव्हतं आणि पाणी चढत होतं. भराव खचायला लागला तेव्हा लष्कराचे जवान वाळूची पोती रचायला धरणावर गेले. भर पावसात, अंधारात, खालचा भराव कधी सरकेल याचा नेम नसताना त्यांनी पोत्यांवर पोती रचली. धरण वाचलं नाही, पण फुटलं ते सकाळी. नदीकाठच्या पेठांमधली माणसं त्या वेळी जागी होती, पळू शकत होती. हेच रात्री झालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, तेव्हा लष्कराच्या बोटी गल्ल्यांमधून फिरत होत्या. त्यातल्या एका बोटीतलं दृश्य आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलं. माणसांनी भरलेली बोट, आणि त्यातली एक बाई वाकून जवानांच्या पायाला हात लावते आहे. ते जवान संकोचून गेले होते. मला ते दृश्य फार मोलाचं वाटतं.

पण ती बोट तिथे आपोआप आली नव्हती. पूर आला की जिल्हाधिकारी मागणी करतो आणि लष्कर तुकडी पाठवतं. मागणी कुणी करायची, कुणाकडे करायची, तुकडी कुणाशी बोलणार, काम संपल्यावर परत कधी जाणार, हे सगळं आधीपासून ठरलेलं असतं. माणुसकी तर होतीच, पण त्या माणुसकीला एक रीत होती. म्हणून ती वेळेवर पोचली. आता तळाच्या कुंपणाला लागून असलेल्या गावाकडे या. तिथे पूर नाही, भूकंप नाही, रोजचा दिवस आहे. त्या रोजच्या दिवसासाठी अशी रीत कुठे आहे?

नगरचं उदाहरण घेतो, म्हणजे आताचं अहिल्यानगर. १९४८पासून तिथे रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. रणगाड्याची तोफ चालवायला शिकायची तर मोकळं माळरान लागतं, आणि ते माळरान म्हणजे के. के. रेंज. खारे कर्जुने गावावरून हे नाव पडलं. आपली जुनी माणसं अशा जागेला चांदमारी म्हणतात. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांच्या सीमेवरचा हा मुलूख कोरडवाहू, चराईचा. काही जमीन लष्कराने संपादित केलेली आहे, तिला आर-वन म्हणतात. त्यापलीकडचं आर-टू क्षेत्र गावकऱ्यांच्याच मालकीचं आहे, पण सरावासाठी अधिसूचित आहे. त्यात तेवीस गावं येतात. त्यातल्या काही माणसांची जमीन आधी मुळा धरणात गेलेली. ती इथे येऊन पुन्हा उभी राहिली.

सराव असला की नोटीस निघते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक वेळेत गोळीबार होणार. या हद्दीत कुणी जाऊ नये, जनावरं सोडू नयेत. ग्रामपंचायतीच्या फलकावर ती लागते, वर्तमानपत्रात छापून येते. रेंजच्या हद्दीवर लाल निशाण चढतं. कागदाच्या दृष्टीने काम झालं. पण मेंढपाळ वर्तमानपत्र वाचत नाही. तो ग्रामपंचायतीच्या दारात उभाही नसतो, तो रानात असतो. ज्याला ही नोटीस सगळ्यांत जास्त लागते, त्याच्यापर्यंत ती सगळ्यांत शेवटी पोचते. कोतवालाने वाडीवस्तीवर जाऊन सांगितलं, पोलीस पाटलाने फोन फिरवले, तर पोचते. म्हणजे सूचना पोचणार की नाही हे त्या दोघांच्या पायांवर अवलंबून आहे. असं असेल तर त्या दोघांना सरावाचं वेळापत्रक थेट तळावरून का मिळू नये? महिन्याची सुरुवात होताना एक फोन, एक संदेश. यात कसलं लष्करी गुपित आहे? तारीख तर छापूनच येते.

भंगाराचं तर आणखी अवघड आहे. गोळा फुटला की पितळ, लोखंड मागे राहतं. पावसाने दगा दिलेल्या वर्षी त्या भंगाराचे चार पैसे मोठे वाटतात. सगळेच गोळे फुटतात असं नाही. न फुटलेला गोळा घरी नेऊन, फोडून पितळ काढायच्या नादात माणसं मेलेली आहेत, तरुण पोरं मेलेली आहेत. यावर "गावकऱ्यांनी आत येऊ नये" एवढंच सांगून भागणार नाही. न फुटलेला गोळा दिसला तर कुठल्या नंबरवर कळवायचं हे गावातल्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं हवं, आणि कळवणाऱ्याला "तू आत कशाला गेला होतास" असं विचारलं जाणार नाही याची खात्री हवी. ही खात्री कमांडर आणि सरपंच दोघांनी मिळून दिली तरच लोक विश्वास ठेवतील.

२०२०मध्ये याच तेवीस गावांत बातमी पसरली की आर-टूची जमीन कायमची घेणार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जमीनही त्यात जाणार म्हणून बोललं जाऊ लागलं. ग्रामसभा झाल्या, निवेदनं गेली. सप्टेंबरमध्ये शरद पवार स्थानिक प्रतिनिधींना घेऊन दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांना भेटले, तेव्हा गावं थोडी शांत झाली. जमीन घेणार की नाही, एवढा साधा प्रश्न. तो विचारायला खारे कर्जुन्याच्या माणसाला दिल्ली गाठावी लागते. रणगाड्याचा आवाज त्याच्या घरात रोज येतो, पण त्या रणगाड्याच्या अधिकाऱ्याशी बोलायची रीतसर जागा त्याला नाही.

आता विदर्भात, पुलगावला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला हा दारूगोळ्याचा डेपो देशातला सर्वांत मोठा. ३१ मे २०१६ला मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि स्फोट झाले. एकोणीस जण गेले. त्यात अधिकारी होते, जवान होते आणि आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी होते. आगरगाव आणि आसपासच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडून निघाली. आगीशी झुंजलेल्या त्या लोकांमुळे गावं उरली, हे मी हात जोडून म्हणतो.

त्यानंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ला, पुलगावजवळच सोनेगाव आबाजीच्या माळावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायचं काम चाललं होतं. स्फोट झाला आणि सहा जण गेले. मेलेल्यांत आणि जखमी झालेल्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. ठेकेदारामार्फत आलेले, पेट्या उतरवणारे, खड्डे खणणारे. स्फोट झाल्यावर खड्ड्यातलं धातूचं भंगार वेचायला येणारेही याच गावांतले. देशाच्या दारूगोळ्याचं सर्वांत धोक्याचं काम, आणि ते करणारा माणूस रोजंदारीवरचा. त्याचं नाव कुठल्या नोंदवहीत आहे, त्याला काय शिकवलं, त्याचा विमा कुणी उतरवला, हे त्याच्या ग्रामपंचायतीला माहीत असायला हवं की नको? माझं स्पष्ट मत आहे की तळाच्या आत धोक्याच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याची यादी गावात असली पाहिजे. ठेकेदार मध्ये आला की लष्कर म्हणतं माणूस आमचा नाही, आणि ठेकेदार म्हणतो जागा माझी नाही. त्या दोघांच्या मधल्या जागेत त्याचं घर उघडं पडतं.

पिंपरी-चिंचवडच्या लोकांना रेड झोनबद्दल मी काही नवीन सांगणार नाही. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा बांधकामबंदीचा पट्टा. तळवडे, रुपीनगर, निगडी, यमुनानगर. एकोणीसशे तीनचा कायदा आहे. तो जमीन घेत नाही, जमिनीचा वापर गोठवतो, आणि म्हणूनच त्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे. लोकांनी गुंठ्यागुंठ्याने जागा घेतल्या, घरं बांधली, नळ आले, वीज आली, घरपट्टीही भरली. मग कळलं की बँक कर्ज देत नाही आणि बांधकामाला परवानगी नाही. निगडीच्या सेक्टर बावीसमध्ये तर महापालिकेनेच झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या केल्या. त्या रेड झोनमध्ये असल्याने प्रकरण न्यायालयात गेलं आणि घरं अडकली. सामान्य माणसाला हद्द कळली नाही हे समजू शकतं. ज्या महापालिकेकडे नगररचना विभाग आहे, नकाशे आहेत, तिलाही इमारत बांधण्याआधी डेपोच्या अधिकाऱ्यासोबत एक नकाशा टेबलावर पसरावासा वाटू नये, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या गरिबांना त्या घरांची चावी मिळायची होती, त्यांची तर यात काहीच चूक नव्हती.

असं टेबल आपल्याकडे होतं का? होतं. त्याचं नाव कंटोन्मेंट बोर्ड. पुणे आणि खडकीच्या छावण्या १८१७ सालच्या. आज महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, नगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात कंटोन्मेंट आहेत. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, उपाध्यक्ष लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांतला. २००६च्या कायद्याने निवडून आलेले आणि नेमलेले सदस्य बरोबरीचे केले. सदर बाजारातला नगरसेवक आणि ब्रिगेडियर एका टेबलावर, एकाच विषयपत्रिकेवर. त्या बैठकांत भांडणं खूप झाली, कारभार ढिला होता, पैसा अपुरा होता, सगळं मान्य. पण मे २०१८मध्ये याच उपाध्यक्षांनी दिल्लीत संरक्षणमंत्र्यांसमोर बसून बंद केलेल्या रस्त्यांचं गाऱ्हाणं मांडलं, आणि कंटोन्मेंटमधले रस्ते उघडायचा आदेश निघाला. निवडून आलेला माणूस समोर बसला की असा फरक पडतो.

फेब्रुवारी २०२१ला या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली. देशातल्या सत्तावन्न कंटोन्मेंटमध्ये ३० एप्रिल २०२३ला निवडणुका घ्यायचं जाहीर झालं आणि त्याआधीच, मार्चमध्ये, त्या रद्द झाल्या. आता नागरी भाग शेजारच्या महापालिकेत घालायचा आणि उरलेला भाग निव्वळ लष्करी ठेवायचा, अशी दिशा आहे. रहिवाशांना त्याने बांधकामाची परवानगी, पाणी, रस्ते सोपे होतील, आणि ते त्यांना मिळालंच पाहिजे. माझी चिंता एवढीच आहे की कायद्याने एकत्र बसायला लावणारी ती जागा जाते आहे आणि तिच्या बदली काही येत नाही. राज्याच्या पातळीवर लष्कर आणि प्रशासन यांच्या समन्वय परिषदा होतात. तिथे सचिव असतात, जनरल असतात. आगरगावचा सरपंच तिथे नसतो.

तुम्ही म्हणाल, नवा कायदा कोण करणार? मी म्हणतो, जुना तरी वापरा. सरावाच्या गोळीबाराचा कायदा १९३८चा, इंग्रजांच्या काळातला. त्यात गावाला आधी कळवण्याची तरतूद आहे, तीही दवंडी पिटून आणि स्थानिक भाषेतल्या नोटिशीने. सरावात पीक, जनावर, माणूस, घर यांचं नुकसान झालं तर महसूल अधिकाऱ्याने जागेवर चौकशी करून भरपाई ठरवायची आहे, आणि ती संरक्षण खात्याच्या पैशातून द्यायची आहे. ती रक्कम पटली नाही तर अपील करता येतं. अपील ऐकायला जे मंडळ आहे त्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष, लष्कराने नेमलेली एक व्यक्ती आणि जिल्हा मंडळाने, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा परिषदेने नेमलेले दोन जण. नीट ऐका: लष्कराचा एक, लोकांचे दोन. परक्या राज्याने १९३८मध्ये लिहून ठेवलेली ही रचना आहे.

इथे रेंजच्या आसपासच्या गावांतले बरेच जण आले आहेत. तुमच्यासाठी सांगतो. तहसील कार्यालयातून आपल्या गावाच्या अधिसूचनेची प्रत मागा. तिच्यात हद्द काय लिहिली आहे आणि मुदत किती वर्षांची आहे ते ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंदवा. ज्वारीत रणगाडा गेला, विहिरीची कडा ढासळली, शेळी मेली, तर त्याच दिवशी तलाठ्याला लेखी कळवा, फोटो काढा आणि पंचनाम्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. आणि जिल्हा परिषदेच्या आपल्या सदस्याला विचारा की अपिलाच्या मंडळावर आपल्या जिल्ह्यातर्फे कोणाची दोन नावं आहेत. नसतील, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती नेमायला लावा.