नायगाराच्या दरीवरचे पूल

धबधब्यावरून कोसळलेली नायगारा नदी पुढे अरुंद दरीत शिरते. प्रवाहाच्या डाव्या हाताला कॅनडा, उजव्या हाताला अमेरिका. पाणी इतकं खवळलेलं की मध्ये खांब उभारणं अशक्य. पूल बांधायचा तर एका कड्यावरून थेट दुसऱ्या कड्यावर.

पण पहिली तार पलीकडे न्यायची कशी? १८४८ च्या जानेवारीत अभियंते चार्ल्स एलेट यांनी चक्क पतंगांची स्पर्धा लावली. इथे वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून होमन वॉल्श या मुलाने कॅनडाच्या कड्यावरून पतंग सोडला. आधी दोरा बर्फावर घासून तुटला. पोरगं हटलं नाही, पुन्हा पतंग चढवला आणि पलीकडे उतरवला. मग त्या दोऱ्याला सुतळी, सुतळीला दोरखंड, दोरखंडाला तार!

१८५५ मध्ये जॉन रोबलिंग यांनी इथेच झुलत्या पुलावरून आगगाडी नेली. नामवंत अभियंत्यांचा याला विरोध होता. झुलता पूल गाडीखाली हेलकावणार, ही भीती खोटीही नव्हती. आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हीलिंग शहरातला झुलता पूल वाऱ्याने कोसळला होता. रोबलिंग यांनी पूल ताठ केला. वर रूळ, खाली घोडागाड्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्यांची जाळी: अख्खा पूल म्हणजे एक लांबलचक पोकळ पेटी. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, अडीचशे मीटरचा. चार केबल, प्रत्येकीत ३,६४० तारा.

दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन गुलामगिरीतून निसटलेल्या जो बेलीला याच पुलावरून, गुलामगिरी नसलेल्या कॅनडात घेऊन गेल्या. डब्यातली मंडळी धबधबा पाहत होती. जो मात्र डोकं हातावर टेकून बसला होता. सरहद्द ओलांडल्याचं टबमननी त्याला हलवून सांगितलं, तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

पुढे गाड्या जड झाल्या. १८९७ मध्ये लेफर्ट बक यांनी वाहतूक चालू ठेवूनच जुन्या पुलाच्या जागी पोलादी कमान उभी केली. माझ्या मते या नदीवरचं सर्वांत अवघड काम हेच.

धबधब्याजवळच्या, १८९८ मध्ये खुल्या झालेल्या ‘हनिमून ब्रिज’च्या कमानीचे पाय मात्र पाण्यालगत होते. १९३८ च्या जानेवारीत एरी सरोवरातून बर्फाचे प्रचंड तुकडे वाहून आले आणि त्या पायांशी साचत गेले. पूल वेळीच बंद केला होता. २७ तारखेला तो खालच्या बर्फावर आडवा झाला; जीवितहानी झाली नाही.

१९४१ मध्ये जवळच ‘रेनबो ब्रिज’ खुला झाला. कमान २९० मीटरची, आणि तिचे पाय मुद्दाम पाण्यापासून बरेच वर, कड्याच्या खडकात रोवलेले.