एका सुरावटीत तीन खोल्या

(पडदा काळा. एकटा ओबो. कोरडा, कानाशी बसून वाजवल्यासारखा.)

हा ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य, व्हिएन्नाचा. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी म्हणजे खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर संगणकावर वाजवायला देणारी कंपनी. तिच्या मंडळींनी शहराजवळ मुद्दाम एक खोली बांधून घेतली, नाव ठेवलं सायलेंट स्टेज. तिथे आवाज भिंतीवर आपटून परत येतच नाही म्हटलं तरी चालेल. वाद्य आणि वाजवणाऱ्याचा श्वास, बाकी काही नाही.

(चार हॉर्न. मागे मोठी, लांबत जाणारी घुमणी.)

हे हॉर्न लंडनचे, स्पिटफायर ऑडिओच्या लायब्ररीतले. हॅम्पस्टेड भागात एकोणिसाव्या शतकातलं एक चर्च आहे. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओने ते घेतलं आणि १९९२ मध्ये तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. आत्ता ऐकलात तो सूर अर्धा हॉर्नचा आणि अर्धा त्या उंच छताचा.

(व्हायोलिनचा ताफा. मऊ, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा.)

आणि ही व्हायोलिनं सिडनीची. लायब्ररीचं नाव सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज.

आता तिन्ही एकत्र.

(आठ मात्रांची सुरावट. काहीतरी बिनसलेलं.)

सूर चुकलेला नाही, कागदावर तालही बरोबर आहे. तरी ऐकताना वाटतं, एकाच मांडवात तीन वराती शिरल्यात आणि प्रत्येकीचा बँड वेगळा.

(घरातला छोटा स्टुडिओ. कीबोर्ड, दोन स्पीकर, खिडकीला जाड पडदा.)

सॅम्पल लायब्ररी म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. खऱ्या वादकाकडून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून घेतात, तोच सूर पुन्हा पुन्हा घेतात, म्हणजे लागोपाठ वाजला तरी शिक्का मारल्यासारखा वाटत नाही. मग पट्टी दाबली की त्यातला एक तुकडा ऐकू येतो. कल्पना जुनीच. साठच्या दशकातल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असायची, साधारण आठ सेकंदांची. फीत संपली की सूर संपला, तुमचं गाणं कुठेही असो.

मग सगळं एकाच कंपनीचं का घेत नाही? एक तर एकाची व्हायोलिनं गोड असतात आणि दुसऱ्याचे ट्रॉम्बोन. आणि खरं सांगायचं तर आपला वाद्यवृंद सेलमध्ये जमलेला असतो. यंदा तंतुवाद्यं, पुढच्या वर्षी ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं. लग्नात आलेल्या भांड्यांसारखा, कुठलाच सेट पूर्ण नाही.

(संगणकाच्या पडद्यावर तीन ट्रॅक.)

पहिली भानगड खोलीची. कोरड्या ओबोला घुमणी देता येते, पण लंडनच्या हॉर्नमधून ते चर्च काढता येत नाही. आमटीत मीठ कमी असेल तर घालता येतं. जास्त झालं की जेवायला बसायचं आणि पाणी पीत राहायचं. म्हणून ज्याची खोली सगळ्यात मोठी, त्याला यजमान मानायचं. बाकीच्यांनी त्याच्या घरी जायचं.

मी सुरुवातीला उलटं केलं होतं. एक झकास रिव्हर्ब, म्हणजे संगणकातली बनवलेली घुमणी, घेतला आणि तिघांवर सारखाच ओतला. ओबो सुधारला, हॉर्न मात्र चर्चमधून उचलून दुसऱ्या चर्चमध्ये नेऊन ठेवल्यासारखे झाले. नुसता चिखल. आता हॉर्नचे जवळचे माइक थोडे वर घेतो, लांबचे खाली. ओबोला आधी छोट्या खोलीच्या भिंतींवरून येणारा पहिला परतावा, त्यावर मोठ्या हॉलची शेपटी. आणि शेवटी सगळ्यांवर मिळून एकच रिव्हर्ब, इतका थोडा की बंद केल्यावरच कळावं तो होता.

(हॉलचा आराखडा. कंडक्टरच्या डोक्यावर तीन माइक.)

हे तीन माइक म्हणजे डेक्का ट्री. डेक्का कंपनीच्या लंडनमधल्या इंजिनिअरांनी पन्नासच्या दशकात रुळवलेली मांडणी. आता हिशेब बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. हॉर्नवाले माइकपासून १० मीटर मागे बसले असतील, तर त्यांचा सूर पोचायला २९ मिलिसेकंद लागतात. हा उशीर लंडनच्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच मुरलेला आहे, कारण तिथे वादकांना वाद्यवृंदातल्या त्यांच्या त्यांच्या जागी बसवूनच वाजवून घेतलं. डावं-उजवंही तसंच मुरलेलं. त्यामुळे त्यांच्या पॅनच्या, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या, बटणाला हात लावायचा नाही. ओबोला मात्र जागा आपण द्यायची, मधोमध, व्हायोलिनच्या मागे.

(पडद्यावर व्हायोलिनचे सूर, ठोक्याच्या रेघांवर नीट बसवलेले. वाजवल्यावर रेंगाळतात.)

आता सिडनी. इथे माझी एक अख्खी रात्र गेली.

या व्हायोलिनांचा लेगाटो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, फार सुंदर आहे. पण ते जाणंही रेकॉर्ड केलेलं आहे. बोट सरकतं, गज वळतो, मग नवा सूर उमटतो. पट्टी दाबल्यापासून तो सूर उमटेपर्यंत संथ लेगाटोत ३३३ मिलिसेकंद जातात, मध्यममध्ये २५०, जलदमध्ये १००. माझी लय मिनिटाला ९० ठोक्यांची होती. म्हणजे एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, आणि व्हायोलिनं बरोबर अर्धा ठोका मागे. मी दोन तास लंडनच्या हॉर्नना शिव्या घालत होतो!

अख्खा ट्रॅक पुढे ओढून भागत नाही, कारण प्रत्येक सुराचा उशीर वेगळा. पट्टी किती जोरात दाबली त्यावर तो ठरतो. मग एकेक सूर धरायचा आणि रेघेच्या आधी नेऊन ठेवायचा. पडद्यावर सगळं वाकडंतिकडं दिसतं, कानाला सरळ लागतं. हे शिष्याला दाखवलं की तो आधी माझ्याकडे संशयाने बघतो.

(मोड व्हीलवर, म्हणजे कीबोर्डच्या जोर कमीजास्त करणाऱ्या चाकावर, बोट. हळूहळू वर.)

जोराचंही तसंच. मोड व्हील अर्ध्यावर ठेवलं की सिडनीवाले कुजबुजतात आणि लंडनवाले अंगावर येतात. फेडर, म्हणजे आवाज लहानमोठा करणारी पट्टी, खाली ओढून ते मिटत नाही. छातीत दम भरून वाजवलेला हॉर्न कितीही बारीक केला तरी तो लांबून ओरडणारा हॉर्नच राहतो, त्याचा पोतच वेगळा. खरोखर हळू वाजवलेला थरच निवडावा लागतो.

आणि एका लायब्ररीवर दुसरीचा थर चढवायचा मोह? सिनेमॅटिकमध्ये पहिली व्हायोलिनं १०, ईस्टवेस्टच्या हॉलिवूड स्ट्रिंग्जमध्ये १६. दोन्ही लावली की २६ होतात. आवाज मोठा होत नाही, धूसर होतो. त्यापेक्षा ताफ्याच्या वर एकच सोलो व्हायोलिन अगदी बारीक ठेवा. सुरावट लगेच उठून दिसते.

(मुंबईच्या जुन्या रेकॉर्डिंग हॉलची कृष्णधवल छायाचित्रं.)

आपल्याकडे सेबॅस्टियन डिसूझांसारखे गोव्याचे अरेंजर हिंदी सिनेमासाठी व्हायोलिनचे ताफे बसवत, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सगळे एका हॉलमध्ये, एकमेकांना ऐकत. मिसळायचं काम हवाच करायची. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसच्या सोनी स्टेजवर, म्हणजे तिथल्या रेकॉर्डिंग हॉलमध्ये, खरा वाद्यवृंद घेऊन बसले, तोही त्या हवेसाठीच, असं मला वाटतं. गंमत म्हणजे सिनेसॅम्पल्सची सिनेब्रास लायब्ररी त्याच स्टेजवर रेकॉर्ड झाली आहे. म्हणजे ज्याला तिथलं भाडं या जन्मी परवडणार नाही, त्याच्याही हार्ड डिस्कवर त्या खोलीचा तुकडा असू शकतो.

(पुन्हा स्टुडिओ. पहाट.)

आता ऐका.

(तीच आठ मात्रांची सुरावट. हॉर्न मागे, व्हायोलिनं डावीकडे पसरलेली, मधून ओबो.)

पाचव्या मात्रेवर व्हायोलिन अजून अंमळ मागे आहे. थांबा, तेवढा सूर सरकवतो.

(माउसची टिकटिक. सुरावट पाचव्या मात्रेपासून पुन्हा सुरू.)